विमानतळावरच्या लोडरला विमानात काही खोट दिसली तर त्यानं कुणाला सांगायचं? त्याचं कुणी ऐकतं का?

तुमचा धाकटा भाऊ छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावर सामान चढवायच्या कामाला लागलाय आणि सुपरवायझर त्याला म्हणाला, "तू बॅगा बघ, विमान बघायला इंजिनिअर आहे." म्हणून तुम्ही विचारलंय. मीही मराठवाड्यातच रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवर, कामाला आहे, आता पुशबॅकच्या वेळी, म्हणजे विमान मागं ढकलताना, पायलटशी बोलायचा हेडसेट लावतो.

सुपरवायझरचं बोलणं अर्धंच खरं आहे. विमान उडण्याजोगं आहे की नाही हे इंजिनिअर आणि कॅप्टनच ठरवणार. पण दिसलेलं सांगायला लायसन लागत नाही. पायलट विमानाभोवती एक फेरी मारतो आणि वर जातो. लोडर मात्र होल्डच्या, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्याच्या, दारापाशी तेवढा सगळा वेळ उभा असतो. पायलटची फेरी झाल्यावर जे घडतं ते दिसलं तर त्यालाच दिसणार.

काय बघायचं? पोटाखाली पाणी टपकतंय म्हणून घाबरायचं नाही, उन्हाळ्यात एसीचं पाणी गळतंच. रॉकेलसारखा वास आला तर इंधन. आणि चाकाच्या दांड्यावरून जांभळट, तेलकट ओघळ आला तर हायड्रॉलिक, म्हणजे चाकं, ब्रेक हलवायचं दाबाचं तेल. त्याला बोट लावून बघायचं नाही, कातडी भाजल्यासारखी जळजळते. आमच्याकडं एका नव्या पोरानं असाच ओघळ बघितला आणि सरळ इंजिनिअरला गाठलं, "सर, जरा इकडं येता का?" इंजिनिअरनं फडक्यानं जागा कोरडी केली, घड्याळ लावून थेंब मोजले. गळती किती चालते याची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, ही त्या मर्यादेत होती. सही झाली, विमान जरा उशिरा गेलं. सुपरवायझर पुटपुटला, "उगं टाइम घालवला." इंजिनिअर मात्र पोराला म्हणाला, "उद्या परत दिसलं तरी बोलाव." माझ्या मते त्या दिवशी नीट काम केलं ते त्या पोरानं आणि इंजिनिअरनं.

जमिनीवरची बारीकसारीक चीजही सोडायची नाही. ट्रॉली बॅगचं तुटलेलं चाक, कुलूप, पट्ट्याचं बक्कल, सगळं उचलायचं. 2000 साली पॅरिसला काँकॉर्ड या प्रवासी विमानाचं टायर फुटलं ते आधी उडालेल्या दुसऱ्या विमानातून पडलेल्या धातूच्या पट्टीवरून जाऊन. विमान कोसळून 113 माणसं गेली.

खरी अडचण वेगळीच. विमानाची खोट सांगणं सोपं. आपल्याच माणसाच्या हातून बेल्ट लोडर, म्हणजे सामान वर नेणारी पट्ट्याची गाडी, विमानाला घासला हे सांगताना जीभ अडते. 2005 च्या डिसेंबरात अमेरिकेत सिअॅटलला नेमकं हेच झालं. सामानाची गाडी विमानाला लागली, कर्मचारी गप्प बसला. विमान 26 हजार फुटांवर गेलं आणि तिथंच पत्रा फाटून केबिनमधली हवा निघून गेली. माणसं वाचली, नशीब. आता तर बऱ्याच विमानांचे काही भाग कार्बन फायबरचे असतात. बाहेरून नुसता ओरखडा दिसतो, आत थर सुटलेले असू शकतात. म्हणून "एवढंसं तर आहे" हे आपण ठरवायचंच नाही.

"रोजचंच आहे" हे वाक्य तर त्याहून वाईट. 26 एप्रिल 1993 ला तुमच्याच शहरातल्या चिकलठाणा विमानतळावरून उडालेलं बोइंग 737 बीड रोडवरच्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकलं, 55 जण गेले. चौकशीत पायलटांच्या चुकीबरोबरच त्या रस्त्यावरची वाहतूक उड्डाणाच्या वेळी आवरली नाही, यावरही बोट ठेवलं गेलं. धावपट्टीच्या टोकाला वाहता रस्ता आहे हे शहरात कुणाला माहीत नव्हतं?

नोकरीचं म्हणाल तर कागदावर नियम चांगले आहेत. प्रत्येक विमान कंपनीला सुरक्षा विभाग ठेवावा लागतो, आणि डीजीसीएकडे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडेही स्वतःहून माहिती देता येते. प्रामाणिक चुकीला शिक्षा नको हे तत्त्व जगभर मानलेलं आहे. पण कंत्राटी पोराला ठेकेदार उद्या दुसऱ्याच कारणानं घरी बसवू शकतो, हे मी लपवत नाही. म्हणून भावाला सांगा, आधी तोंडी, लगेच, विमान जागेवर उभं असतानाच, इंजिनिअरला. तो नसेल तर हेडसेटवाल्याकडून थेट कॅप्टनला. पुशबॅक झाल्यावर दिसलं तरी हेडसेटवाल्याला खूण करायची, इंजिन सुरू असेल तर स्वतः जवळ पळायचं नाही. मग त्याच पाळीत लेखी द्यायचं: विमानाच्या अंगावरचा व्हीटीनं (VT) सुरू होणारा नंबर, कुठल्या स्टँडवर, किती वाजता, नेमकं काय दिसलं, कुणाला सांगितलं. मोबाइलवर प्रत ठेवायची. आणि डावं-उजवं लिहिताना पायलट बसतो त्या दिशेनं लिहायचं. आपण समोर उभं राहून लिहितो आणि इंजिनिअर भलतंच चाक तपासत बसतो.