आजी त्या रात्री का गात होती

प्रिय चिऊ,

परवा झोपताना तू विचारलंस, "आजोबा गेले त्या रात्री आजी टाळ्या वाजवून गात होती. तिला वाईट नव्हतं वाटलं का? मराठी लोकांत असंच करतात का?" मी "उद्या सांगते" म्हणून दिवा मालवला, कारण माझा गळा दाटून आला होता. लिहून सांगणं मला सोपं जाईल.

तू जे पाहिलंस ते मोबाइलवर. इथून लीड्सहून तिकीट मिळेपर्यंत माती होऊन गेली होती. राहुरीच्या घरी ओसरीवर सतरंज्या टाकल्या होत्या, मामाने फोन खिडकीत टेकवून ठेवला होता आणि आपल्याला दिसत होती फक्त बाजाची पेटी, तबला आणि आजीचा उजवा हात. तिचा चेहरा चौकटीबाहेर होता. म्हणून तुला फक्त टाळी दिसली.

मला मात्र ऐकू येत होतं. दुसऱ्या कडव्याला आजीचा आवाज फुटला. ओळ अर्ध्यावर राहिली. मागे बसलेल्या बायकांनी ती ओळ तिथूनच उचलली आणि पुढे नेली, ठेका न मोडता. दोन ओळींनंतर आजी पुन्हा त्यांच्यात आली. याला झील धरणं म्हणतात. कीर्तन करणाऱ्याच्या मागे उभे राहून धृपद उचलणारे असतात ना, ते झीलकरी. मला विचारशील तर आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीची सगळ्यात मोठी देणगी हीच आहे.

ही रीत मोठ्या कष्टाने आपल्याकडे आली. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. तेव्हा आपल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, गायची ती बरीचशी परदेशी चालींवर बसवलेली गीतं होती. टिळकांनी अभंग रचले, ओव्या रचल्या. ज्या चालींवर इथला माणूस पिढ्यान्‌पिढ्या रडला आणि नाचला, त्याच चालींवर ख्रिस्ताचं नाव घेतलं. आपल्या गायनाच्या पुस्तकात त्यांची पदं भरपूर आहेत. पंढरीच्या वाटेवर आणि आपल्या ओसरीवर टाळ एकच वाजतो, हे मला फार आवडतं.

आता वाईट वाटण्याबद्दल. त्या दिवशी काही पाहुणे आजीला म्हणाले, "रडू नका, देवाची इच्छा." माणसं प्रेमानेच बोलतात, पण मला ते पटत नाही. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेपाशी येशू रडला. थोड्याच वेळात त्याला उठवायचं आहे हे ठाऊक असून रडला. मग आजीने का रडू नये? विश्वास म्हणजे डोळे कोरडे ठेवणं नव्हे. कुणी तुला तसं सांगितलं, तर योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय दाखव.

आजी हे कुठे शिकली ते सांगते. १९७२ च्या दुष्काळात ती अकरा वर्षांची होती. विहिरी आटल्या, गुरं विकली, आणि ती तुझ्या पणजीबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. खायला मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. तरी पणजी ताटासमोर हात जोडून उपकारस्तुती करायची. एकदा आजी चिडून म्हणाली, "या मिलोचे कसले उपकार मानायचे?" पणजी म्हणाली, "मिलोचे नाही गं बाई. आज सगळी एका जागी जेवायला बसलोय, त्याचे." आजी हे सांगते तेव्हा अजून तिची बोटं भाकरीचा तुटलेला काठ जुळवल्यासारखी हलतात. पुढच्या वेळी नीट बघ.

पंडिता रमाबाईंचं नाव तू ऐकलं आहेस. दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि बहीण गेली, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या. भूक काय असते ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, १९२२ मध्ये त्या स्वतः. पुस्तक पुरं छापून आलं १९२४ मध्ये. पाहा, इथेही शेवटची ओळ दुसऱ्यांनीच उचलली.

"प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" हे वाक्य आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आहे. ते प्रेषित पौलाने बेड्यांत असताना फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलं. त्याच फिलिप्पै शहरात तो आणि त्याचा सोबती सीला फटके खाऊन तुरुंगात पडले होते, पाय खोड्यात, आणि मध्यरात्री गात होते. बाकीचे कैदी ऐकत होते, असं पवित्र शास्त्रात लिहिलं आहे. मला वाटतं, त्यांच्यातही एखादा तरी झीलकरी निघाला असेल.

आणि एक गोष्ट तुला माहीत नाही. आजोबांनंतर दोन महिने मला प्रार्थनाच येईना. डोळे मिटले की मी वेळेवर पोचले नाही एवढंच दिसायचं. शेवटी आजीला फोनवर सांगितलं. मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, "मग तू नको म्हणूस. मी म्हणते, तू ऐक." तेव्हापासून रोज सकाळी तू शाळेत गेलीस की ती फोन करते, एक पद म्हणते, प्रार्थना करते आणि ठेवते. परवा पहिल्यांदा मी शेवटच्या ओळीला तिच्याबरोबर होते. ती थांबली, म्हणाली, "आली का?" आणि पुढे गायला लागली.

मामाने पाठवलेलं पार्सल काल आलं. आजोबांच्या उपरण्यात गुंडाळलेले त्यांचे टाळ आहेत. उपरणं धुऊ नकोस, त्याला अजून त्यांच्या तपकिरीचा वास आहे. टाळ तुझ्यासाठी आहेत. शनिवारी आजीच्या फोनला माझ्याशेजारी बस. आधी नुसतं ऐक, आणि ती कुठे अडली तर ठेका सोडू नकोस.

तुझी,
आई