माणसे असूनही सगळी कामे मालकाकडेच का परत येतात?

हाताखाली चार-पाच माणसे असूनही दिवस पुरत नाही आणि सोपवलेले काम फिरून आपल्याकडेच येते, यावर काय करावे, असे आपण विचारले आहे. मी छपाईचा छोटा व्यवसाय चालवतो आणि पहिली काही वर्षे याच फेऱ्यात अडकलो होतो.

नवे वेळापत्रक आखण्याआधी दोन आठवडे एक वही जवळ ठेवावी आणि कोण काय विचारायला आले, त्याची नोंद करावी. माझ्या वहीत बहुतेक नोंदी अशा होत्या: कागद संपत आला आहे, मागवू का? ग्राहकाला माल दोन दिवस आधी हवा आहे, हो म्हणू का? ही कामे मी केव्हाच वाटून दिली होती. निर्णयाचा अधिकार मात्र स्वतःकडेच ठेवला होता.

म्हणून काम देताना न विचारता कुठपर्यंत ठरवता येईल, ती मर्यादाही सांगावी. आमच्याकडे कागदाचा साठा ठरलेल्या पातळीखाली गेला की नेहमीच्या पुरवठादाराकडून महिनाभराचा माल परस्पर मागवला जातो. दर वाढला असेल किंवा पुरवठादार बदलायचा असेल, तरच प्रश्न माझ्यापर्यंत येतो. चूक झालीच तर ती निस्तरता येईल का, यावरून ही मर्यादा ठरवावी. पैसे चुकते करण्याच्या कामात एकाने नोंद तयार करावी आणि दुसऱ्याने मंजुरी द्यावी. अनेक बँकांच्या व्यावसायिक खात्यांत ही सोय असते.

यात माझे खरे चुकले ते कोटेशनच्या बाबतीत. ते काम एका सहकाऱ्याला दिले, पण प्रत्येक कोटेशन पाठवण्याआधी मी पाहत राहिलो. परिणामी, साहेब पाहणारच आहेत म्हणून त्याने बारकाईने तपासणे सोडले आणि एकाच कामात दोघांचा वेळ जाऊ लागला. शेवटी दरांचा तक्ता आणि सवलतीची कमाल मर्यादा लिहून दिली आणि आठवड्यातून एकदा पाठवून झालेली चार-पाच कोटेशनेच तपासू लागलो. पहिल्याच महिन्यात एकदा बाइंडिंगचा खर्च धरायचा राहिला. ते नुकसान आम्ही सोसले आणि तक्त्यात एक रकाना वाढवला.

शिकवण्यापेक्षा स्वतः केलेले लवकर होते, हे एका वेळेपुरते खरे आहे. पण आठवड्याला अर्धा तास खाणारे काम शिकवायला सहा तास लागले, तरी बारा आठवड्यांत ते भरून निघतात. वर्षातून एकदाच येणारे काम मात्र खुशाल स्वतः करावे.

मुदत न सांगता काम देऊ नये. हाती असेल तेवढा वेळ काम व्यापते, हा सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांचा १९५५ सालचा नियम नोकरशाहीची थट्टा म्हणून लिहिला गेला असला, तरी छोट्या कार्यालयालाही तंतोतंत लागू पडतो.

उरलेल्या प्रश्नांसाठी मी सकाळी अकरा आणि दुपारी चार अशा दोन वेळा ठेवल्या आहेत. यंत्र बंद पडले तर केव्हाही हाक मारावी, बाकीचे प्रश्न लिहून ठेवावेत, असे सर्वांना सांगितले आहे. चार वाजेपर्यंत त्यांतले निम्मे प्रश्न त्यांनीच सोडवलेले असतात.