टाय-डायचा शर्ट : चक्री कुठे फसते आणि घडी कशी घालायची

ताई, प्रश्न नीट वाचला. तान्हा पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, सोसायटीतल्या बारा पोरांसाठी टाय-डायचे, म्हणजे कापड बांधून रंगवलेले, शर्ट करायचेत, आणि नमुन्याच्या पहिल्या शर्टावर मधून गोल फिरत जाणाऱ्या चक्रीऐवजी मधोमध मोठा पांढरा धब्बा आणि कडेला मातकट तपकिरी डाग आले. आता तुम्ही दुसरा रंग आणायचं म्हणताय. रंग राहू द्या. मी नागपुरात घरच्या अंगणात अठरा वर्षं हेच काम करतेय, आणि असा शर्ट समोर आला की मी आधी विचारते, घडी कशी घातली होती?

बांधलेल्या गठ्ठ्याचा जो भाग बाहेर दिसतो, तिथे रंग बसतो. आत दबलेल्या कापडात रंगाचं पाणी पोचत नाही, म्हणून ते पांढरं राहतं. नक्षी तयार होते ती एवढ्याच गोष्टीतून. तुम्ही चक्रीसाठी मधलं कापड मुठीत धरलं असणार. मुठीत मावतं तेवढं सगळं पिळून आत गेलं आणि कोरडं राहिलं.

पुन्हा करताना शर्ट साध्या पाण्यात भिजवा आणि मशीनमध्ये एकदा स्पिन करा. शर्ट दमट असायला हवा, टपकणारा नको. फरशीवर पालथा पसरा आणि हाताने सगळ्या सुरकुत्या काढा, बाह्यासुद्धा. आता काखेच्या रेषेत, छातीच्या मधोमध, फक्त दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं कापड पकडा, पुढचा-मागचा दोन्ही थर. चिमटी फरशीला टेकलेलीच ठेवून फिरवायला लागा. बोटं दुखली तर जेवणाचा काटा रोवून तो फिरवा. दोन-तीन वेढ्यांनंतर कापडाच्या चुण्या उभ्या राहायला लागतील. इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण सगळं लक्ष फिरवण्यावर असतं. दुसऱ्या हाताचा तळवा चुण्यांवर सपाट ठेवा. एखादी चुणी दीड इंचाच्या वर चढली की थांबा, तिच्या माथ्यावर बोट दाबून तिच्या दोन करा, मग पुढे फिरवा. मधला भाग वर शंकूसारखा उठायला लागला तर तोही दाबून खाली बसवा. बाह्या आणि खालची कड शेवटी आपसूक ओढल्या जातात, त्या बाजूने गुंडाळून घ्या. शेवटी हातात जाड भाकरीएवढी चपटी चकती यायला हवी. एका शर्टाला मला अजूनही दहा मिनिटं लागतात, आणि त्यातली आठ चुण्या सारख्या करण्यातच जातात.

बांधताना चकती उचलू नका. रबर बँड खालून सरकवत आणा. तीन बँड बरोबर मध्यावर एकमेकांना छेदले की सहा फाका पडतात, संत्र्याच्या फोडींसारख्या. बँड सैल असेल तर चकती भिजताना उलगडते आणि चक्री फिसकटते. जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून बांधल्या तर पकड फार चांगली येते, आणि पट्टीखाली स्वच्छ पांढरी रेघ उमटते. सुतळी मी वापरत नाही. ती स्वतः रंग पिते आणि नको तिथे सोडते.

आता तपकिरी डागांकडे. लालाशेजारी हिरवा, पिवळ्याशेजारी जांभळा किंवा केशरीशेजारी निळा ओतला, की फाकेच्या सीमेवर दोन्ही मिसळून मातीचा रंग होतो. पिवळा, केशरी, लाल असे शेजारी ठेवा, किंवा पिवळा, हिरवा, निळा. बाटलीचं तोंड चुणीच्या आत टेकवून ओता, वरून शिंपडू नका. एक बाजू झाली की चकती उलटून त्याच फाकेत तोच रंग भरा. ही दुसरी बाजू विसरली की पाठ पांढरी राहते.

बारा शर्टांना चक्रीच हवी असं नाही. पाच-सहा वर्षांच्या पोरांकडूनच करून घ्यायचं असेल तर तिरक्या पट्ट्या सोप्या. शर्टाच्या खालच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या खांद्यापर्यंत तिरकी गुंडाळी करायची आणि दर दोन इंचांवर घट्ट बांधायची. राजस्थानातला लहरिया असाच होतो, आणि उलट्या तिरप्यात पुन्हा गुंडाळून दुसऱ्यांदा रंगवलं की चौकड्यांचा मोठडा. तिथे मात्र कापड पातळ असतं. टी-शर्ट जाड, त्यामुळे घट्ट वळकटी केली तर आतले थर कोरडेच राहतात. म्हणून गुंडाळी सैल ठेवा आणि बांधणं घट्ट.

छोट्या गोल ठिपक्यांसाठी कापडात हरभऱ्याचा दाणा धरून त्याच्या मुळाशी दोरा चार-पाच वेळा आवळायचा. मोठ्या वर्तुळाला कंचा, म्हणजे गोटी, घ्या. पोरांना हे फार आवडतं.

कापड मात्र शंभर टक्के सुतीच घ्या. मी सुरुवातीला एका दुकानातून ‘कॉटन’ म्हणून एक लॉट घेतला, तो टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेला, निघाला. घड्या अगदी नेमक्या होत्या, पण धुतल्यावर सगळे शर्ट फिके पडले, कारण हा रंग पॉलिस्टरला धरत नाही. तेव्हापासून गांधीबागेच्या बाजारात असो की इतवारीच्या, मी शिवणीच्या आतल्या कडेतून कापडाचाच एक धागा ओढून जाळून पाहते. सूत कागदासारखं जळतं आणि राख होते. पॉलिस्टर वितळून टोकाला कडक मणी होतो. शर्ट सुती असला तरी शिलाईचा दोरा बहुधा पॉलिस्टरचा असतो, तो पांढराच राहील. तो तुमचा दोष नाही. बटणांचा शर्ट असेल तर बटणं लावूनच घडी घाला, आणि कॉलर व बटणपट्टीवर जास्त रंग भरा, तिथे कापड दुहेरी असतं. नवा शर्ट आधी गरम पाण्यात साबणाने धुवा, नाहीतर त्यावरची खळ रंग आत जाऊ देत नाही.

रंग कोल्ड ब्रँड रिअॅक्टिव्हच, म्हणजे न उकळता सुताला धरणारा, मागा, दुकानात त्याला एम ब्रँड म्हणतात. पाव लिटर पाण्याला दोन सपाट चहाचे चमचे, काळ्याला दुप्पट. भुकटी कालवताना तोंडाला मास्क हवाच, ती श्वासात गेली की त्रास होतो. त्या वेळी मुलांना तिथे थांबू देऊ नका. रंग कापडाला पक्का धरावा म्हणून, रंग ओतण्याआधी, धुण्याचा सोडा लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम घ्या आणि बांधलेला गठ्ठा त्यात अर्धा तास बुडवून, दाबून निथळवा. काही जण सोड्यात भिजवून मग घडी घालतात. सोडा हात खातो, आणि हातमोजे घालून मला चुण्यांचा अंदाज येत नाही, म्हणून मी आधी बांधते. बाटलीत सोडा मिसळू नका, रंग बाटलीतच मरतो.

रंगवलेला गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा. मे महिन्यात आपल्याकडे सात-आठ तासांत काम होतं. पण तान्हा पोळा भाद्रपदातला, पावसात हवा गार असते, तेव्हा पूर्ण चोवीस तास द्या. रंग ओला असेपर्यंतच कापडाला धरतो, वाळला की थांबतो.

दुसऱ्या दिवशी गठ्ठा बांधलेलाच नळाच्या गार पाण्याखाली धरा. वरचा मोकळा रंग गेला की बँड कापा आणि पुन्हा गार पाण्यात खळखळून घ्या. मगच कडक गरम पाणी आणि साबण. हा क्रम उलटा केला तर सुटलेला रंग पांढऱ्या रेघांवर बसतो. बारा शर्ट एका बादलीत घालू नका, पिवळे आधी धुऊन काढा, निळे-काळे शेवटी.