वळसा घ्या, पण मुक्कामासाठी

प्रश्न : आम्ही दोघी बहिणी (वय ५४ आणि ४९) जुलैअखेरीस ‘तूर द्यू मोंब्लां’ला, म्हणजे आल्प्समधल्या मोंब्लांभोवतीच्या पायी प्रदक्षिणेला निघतोय. फ्रान्समधल्या ले उश गावापासून सुरुवात, घड्याळाच्या उलट दिशेनं. शेवटाकडे त्रे-ल-शांहून ला फ्लेजेरला जाताना वर लाक ब्लां तळ्याकडे फाटा फुटतो, तिथे हट (डोंगरातलं मुक्कामाचं घर) आहे. तोवर पाय पार बोलायला लागलेले असणार, शिवाय धाकटीला वाटेतल्या शिड्यांची धास्ती. एवढा खटाटोप करावा का?

उत्तर : करावा, पण तिथे रात्र काढणार असाल तरच. दुपारी वर जायचं, फोटो काढायचे आणि उतरायचं असा बेत असेल, तर सरळ ला फ्लेजेर गाठा आणि बूट काढून बसा.

कारण सांगते. ला फ्लेजेरपर्यंत खोऱ्यातून केबल कार येते, त्यापुढे खुर्च्यांचा रोपवे. भर दुपारी तळ्याकाठी टेकायला दगड मिळत नाही. शेवटच्या केबल कारची वेळ जवळ आली की मात्र अर्ध्या तासात काठ रिकामा होतो. सूर्य आपल्या पाठीमागे, एग्विय रूजच्या कड्यांआड जातो. तळं सावलीत जाऊन शिशासारखं दिसायला लागतं आणि दरीपलीकडे मोंब्लां, एग्विय व्हेर्त ही शिखरं अजून उन्हात असतात. त्यांचा रंग पिवळ्यावरून गुलाबीवर जाईपर्यंत मी ओल्या मोज्यांनी उभी होते. जेवणाची हाक आली तेव्हा पायांना गारठा जाणवला.

आता पायांचा हिशेब. त्रे-ल-शां १४१७ मीटरवर, तेत-ओ-व्हां हा वरचा टप्पा २१३२ वर. खरा चढ हाच, आणि तो वळसा घेतला नाही तरी चुकत नाही. तिथून हट (२३५२ मीटर) आणखी २२० मीटर वर. शेझरीची तळी बघत, रेंगाळत तास-सव्वा तास धरा. या भागात आयबेक्स (लांब शिंगांचे पहाडी रानबोकड) दिसतात, अगदी वाटेवर. शिंगं बघून थांबलात तर अंतर ठेवून थांबा.

शिड्या एकाच ठिकाणी नाहीत. पहिल्या आणि जास्त उभ्या, त्या तेत-ओ-व्हांच्या आधी. लोखंडी आहेत, कातळात पक्क्या ठोकलेल्या. त्या टाळायच्या तर त्रे-ल-शांहून कोल दे मोंते खिंडीकडे जा. तिथून नागमोडी वाट वर चढते आणि शिडीविना तेत-ओ-व्हांला पोचवते. शेझरीच्या वर, हटच्या अलीकडे पुन्हा काही छोट्या शिड्या आहेत. धाकटीला त्याही नको असतील तर आधी ला फ्लेजेरकडे उतरून तिथल्या मोठ्या वाटेनं वर यावं लागेल. २५५ मीटर उतरा आणि ४७५ चढा, असला व्यवहार मी तरी करणार नाही.

शिड्यांवर माझी फजिती उंचीमुळे झालीच नाही. काठ्या सॅकला आडव्या बांधल्या होत्या. तिसऱ्या पायरीवर एक टोक कठड्यात अडकलं आणि मला ना वर जाता येईना ना खाली. मागे पाच जण ताटकळले. काठ्या पूर्ण मिटवून सॅकच्या आत घाला, आणि शिडी ओली असेल तर वळशाचा विषयच सोडा. वीज-पावसाचा अंदाज असेल तरीही.

खरी मेख दुसऱ्या दिवशी आहे. लाक ब्लांहून एका दमात ले उश गाठायचं म्हणजे आधी ला फ्लेजेरला (१८७७ मीटर) उतरायचं, मग प्लांप्रामार्गे ब्रेव्हांचं शिखर (२५२५) चढायचं आणि तिथून १००७ मीटरवरच्या ले उशला उतरायचं. शेवटचा दीड हजार मीटरचा उतार गुडघे मागतो. म्हणून एक रात्र वाढवा आणि ब्रेव्हांच्या खालच्या बेलाशा हटवर (२१५२) थांबा. चाल सहा-सात तासांत आटोपते आणि उरलेला उतार सकाळी, ताज्या पायांनी होतो. रात्र वाढवता येत नसेल तर प्लांप्राहून खोऱ्यातल्या शामोनी गावाला केबल कारनं उतरा. ती चालू आहे ना, हे निघण्याआधी बघा. हो, ब्रेव्हांच्या आधीही थोड्या शिड्या लागतात, हे धाकटीला आत्ताच सांगून ठेवा.

दोन्ही ठिकाणी जागा आधीच राखून ठेवा, आयत्या वेळी जुलैत भरवसा नाही. शाकाहारी असाल तर तेव्हाच कळवा. संध्याकाळी सगळ्यांना एकच जेवण, ठरल्या वेळी वाढतात. बेत बदलला तर फोन करून सांगा, नाहीतर तुम्ही वाटेत अडकलात की काय म्हणून लोक काळजीत पडतात. झोपताना आत शिरायची पातळ चादरीची पिशवी आणि कानात घालायचे बोळे न्या; सामायिक खोलीत कोणीतरी घोरतंच. आणि बंक मिळाले तर खालचा धाकटीला द्या, वरच्याला शिडी असते.