प्रीमियम सेडान रोज वापरण्याचा अनुभव खरोखर कसा असतो?

तुमचा प्रश्न असा आहे: तीन-चार वर्षं वापरलेली प्रीमियम सेडान तुम्हाला नव्या मध्यम गाडीच्या किमतीत मिळते आहे. रोजचं जाणं-येणं तीसेक किलोमीटर, तेही गर्दीतून. महिन्यातून एखादा लांबचा प्रवास, आणि घरात वय झालेले आई-वडील. अशा वेळी ही गाडी घ्यावी का, की सगळे पैसे लोगोचे असतात?

मी अगदी अशीच गाडी घेतली होती. तीन वर्षं वापरलेली, २ लिटरचं डिझेल इंजिन, ८ गिअरची ऑटोमॅटिक, ताकद मागच्या चाकांना. माझ्याकडे तिला आता सातवं वर्ष चालू आहे आणि या काळात मी स्वतः ती लाखभर किलोमीटर चालवली आहे. त्यामुळे जे लिहिते आहे ते रोजच्या वापरातून.

फरक जाणवतो, आणि तो लोगोचा नसतो. पण शो-रूममध्ये ज्या गोष्टी दाखवतात त्यांच्यातही तो नसतो. मोठा स्क्रीन, कॅमेरे, सनरूफ, गार हवा येणाऱ्या सीट हे सगळं आता छोट्या गाड्यांतही येतं. तसं नेहमीच होत आलंय. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारं, चारही चाकांचं इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं, घसरणारी गाडी सावरणारं ईएसपी १९९५ मध्ये त्याच घराण्यातल्या दोन दारांच्या कूपेमध्ये. आज या दोन्ही गोष्टी साध्या हॅचबॅकमध्ये असतात. म्हणून फीचर्सची यादी समोर ठेवून तुलना केलीत तर नवी मध्यम गाडीच जिंकेल. यादीत न येणाऱ्या गोष्टींसाठी ही गाडी घ्यायची असते.

त्या कोणत्या, ते मला पहिल्या महिन्यात एका रात्री कळलं. साधारण ४०० किलोमीटर चालवून आम्ही घरी पोचलो होतो. मागे मुलगी आणि सासूबाई दोघी गाढ झोपलेल्या. मी इंजिन बंद केलं आणि उतरायची घाई न करता तशीच बसून राहिले, कारण काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. थोड्या वेळाने लक्षात आलं, की नेहमीचं दुखणंच नाहीये. जुन्या गाडीतून एवढं अंतर आलं की मान अवघडलेली असायची, खांदे वर चढलेले, कानात घरी आल्यावरही अर्धा तास घुंऽऽ चालू. त्या रात्री यातलं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून कामाला गेले.

यामागे जादू काही नाही. खिडक्यांच्या काचा दुहेरी असतात, दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर, आणि तो थर वाऱ्याचा आवाज गिळतो. दाराला रबराच्या पट्ट्या एकावर एक. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जवळजवळ ३ मीटर, त्यामुळे रस्त्याच्या लाटेवर गाडी डोलत नाही. १०० च्या वेगाला इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या आसपास निवांत फिरत असतं. आणि एक गोष्ट खास सेडानचीच: डिकी प्रवाशांपासून वेगळी असते. हॅचबॅक किंवा एसयूव्हीमध्ये मागच्या चाकांचा घरघराट थेट आत येतो, कारण मध्ये भिंतच नसते. सेडानमध्ये मागच्या सीटच्या पाठीशी पत्र्याचा आडोसा असतो, तो आवाज अडवतो आणि बॉडीला ताठपणाही देतो. उंच गाड्यांच्या या काळात सेडान मागे पडत चालली आहे याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सीटबद्दल एवढंच सांगते, की मांडीखालचा भाग पुढे सरकवता येतो. मी उंच आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझी मांडी गुडघ्यापर्यंत टेकली. कंबरदुखीवर याचा जितका उपयोग झाला तितका कुठल्याही पट्ट्याचा झाला नव्हता.

आता दुसरी बाजू. ती मोठी आहे.

या वर्गातली गाडी साधारण ४.९ मीटर लांब आणि आरसे धरून २ मीटरपेक्षा रुंद असते. नुसता आकडा वाचून याचा अंदाज येत नाही. पार्किंगमध्ये दोन खांबांच्या मध्ये ती लावली, की दार अर्धवट उघडून अंग चोरत बाहेर पडावं लागतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा एक फायदा मात्र आहे, पुढची चाकं भरपूर वळतात. एवढ्या लांबीच्या मानाने ती कमी जागेत वळते. डिकी पाचशे लिटरच्या वर, खोलच खोल, पण तिचं तोंड अरुंद. चार बॅगा सहज जातात, मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाचा खोका मात्र कुठल्याच बाजूने गेला नाही. शेवटी टेंपो केला.

आणि गाडी बुटकी आहे. हा मुद्दा तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा, कारण तुम्ही आई-वडिलांचा उल्लेख केला आहे. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे झिजलेले. मागच्या सीटवर एकदा बसल्या की त्या खूश असतात, त्यांच्या शब्दांत, "पोटातलं पाणी हलत नाही." पण उतरताना खालून वर उठावं लागतं. सुरुवातीला त्या एक हात दाराच्या चौकटीवर ठेवायच्या, दुसरा माझ्याकडे करायच्या, "अगं, ओढ जरा." मग एकदा मला सुचलं, की आधी दोन्ही पाय बाहेर काढून जमिनीवर टेकवायचे, पुढची सीट सगळी पुढे सरकवायची आणि मग उठायचं. तेव्हापासून जमतं, पण वेळ लागतो, आणि मागे हॉर्न वाजवणारे असले की त्यांना ओशाळल्यासारखं होतं. मला त्याचा फार त्रास होतो. या एका बाबतीत साधी उंच गाडी आमच्या गाडीपेक्षा सरस आहे हे मान्यच करायला हवं.

बुटकेपणाचा दुसरा परिणाम म्हणजे स्पीडब्रेकर. पाच जण आणि सामान असलं की पोट घासतं. तिरकी घालायची, चालायच्या वेगाने. हाताला सवय होते.

टायरचं मात्र सविस्तर सांगते, कारण तिथे मी स्वतः शिकले. गाडी घेतली तेव्हा तिला १९ इंची रिम होते, दिसायला फार सुंदर. टायरवर आकडे होते २४५/४०. यातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे ते. हिशेब केला तर रिम आणि रस्ता यांच्यात जेमतेम १० सेंटिमीटर रबर. पहिल्याच पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक आदळलं. धप्प असा आवाज आला, दोन किलोमीटरवर थांबून टॉर्च मारला, तर टायरच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा. आतले धागे तुटलेले. असा टायर दुरुस्त होत नाही, तो फेकायचाच, कारण फुगा केव्हाही फुटू शकतो. त्याच महिन्यात मी १७ इंची रिम घातले, टायर २२५/५५. चाकाची एकूण उंची जवळजवळ तीच राहते, पण रबराची भिंत १२ सेंटिमीटरच्या वर जाते. गाडी थोडी साधी दिसते. त्यानंतर आजपर्यंत एकही फुगा नाही, आणि छोटे खड्डे आत जाणवणं निम्म्यावर आलं. तुमच्या मॉडेलला कंपनीने सगळ्यात लहान कोणता रिम मान्य केला आहे ते आधी बघा. काही गाड्यांत पुढचे ब्रेक मोठे असल्याने लहान रिम बसत नाही.

अशा बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, तिच्याऐवजी रन-फ्लॅट टायर असतात. हवा पूर्ण गेली तरी साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं, कारण त्यांच्या भिंती जाड आणि कडक असतात. त्याच कडकपणामुळे गाडी दणके जास्त देते. मी साधे टायर घातले आणि डिकीत हवा भरायचा पंप व पंक्चरचं साहित्य ठेवलं. रात्री-अपरात्री एकट्याने प्रवास होत असेल तर रन-फ्लॅट ठेवणंही शहाणपणाचंच आहे; हा ज्याचा त्याचा निर्णय.

आता इंजिन. गर्दीतले तीस किलोमीटर रोज, असं तुम्ही लिहिलंय, म्हणून डिझेलबद्दल कळकळीने सांगते. डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापावा लागतो आणि पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात चालावं लागतं. सिग्नल-टू-सिग्नल चालवण्यात ते काम अर्ध्यावर तुटतं. पहिलं वर्ष मी असंच चालवलं. पोचून गाडी बंद केली तरी पंखा जोरात फिरत राहायचा. मला वाटायचं, उन्हामुळे असेल. तो काजळी जाळण्याचा मध्येच थांबलेला प्रयत्न होता. मग एक दिवस पिवळा दिवा लागला आणि पिकअप मेला. एका सर्व्हिस सेंटरने पूर्ण फिल्टर बदलायला सांगितला; तो आकडा ऐकून मी रात्रभर जागी होते. दुसऱ्या एका जाणत्या मेकॅनिकने स्कॅनर लावून आधी फिल्टर किती भरलाय ते पाहिलं, यंत्राने काजळी जाळून घेतली, इंजिन ऑइल बदललं आणि म्हणाला, "ताई, आठवड्यातून एकदा हिला मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास पळवा, बाकी काही नको." तेव्हापासून रविवारी सकाळी मी तिला घेऊन निघते. तो फिल्टर अजून तोच आहे. तुमच्या वापराला मात्र पेट्रोल किंवा हायब्रिडच बघा.

गाडी तीन-चार आठवडे उभी ठेवायची असेल तर बॅटरीला चार्जर लावून ठेवा. कुलूपबंद गाडीतही यंत्रणा थोडा थोडा करंट खात राहतात. आम्ही एकदा तीन आठवडे बाहेर होतो. परत आलो तर रिमोट मुका. दाराच्या हँडलपाशी झाकणाखाली लपलेलं किल्लीचं भोक असतं हे तेव्हा कळलं. बॅटरी डिकीत, आणि डिकीचं कुलूप विजेवर! बाहेरून जोडणी द्यायची टोकं बोनेटखाली होती म्हणून निभावलं. नवी बॅटरी बसवली की कित्येक मॉडेलमध्ये गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तिची नोंद करावी लागते. नाही तर तो जुन्या बॅटरीच्या हिशेबानेच तिला चार्ज करतो. त्यामुळे बॅटरी बदलताना स्कॅनरवाला माणूस लागतो.

खर्चाचं गणित एका वाक्यात: गाडीची किंमत पडते, सुट्या भागांची पडत नाही. तुम्हाला ती निम्म्यात मिळाली तरी तिचा शॉकअब्सॉर्बर नव्या गाडीच्याच किमतीचा असतो. सहा-सात वर्षांच्या वयाला इंजिन थंड ठेवणाऱ्या कुलंटचे प्लास्टिक पाइप आणि टाकी उष्णतेने ठिसूळ होतात, सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश फाटतात, ऑइल फिल्टरच्या बैठकीपाशी तेल झिरपायला लागतं. यातलं काहीच भयंकर नाही, वेळेवर केलं तर. गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर चालतं असं तुम्हाला कोणी सांगेल. ऐकू नका. अशा गाड्यांतले बरेच ८ गिअरचे बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरवर किंवा आठ वर्षांनी ते बदलायला सांगते. मी १ लाख १० हजारला बदललं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये येणारा हलका झटका गेला.

लोकांच्या नजरा बदलतात का? बदलतात, सहाएक महिने. मग शेजाऱ्यांनाही सवय होते आणि आपल्यालाही. पहिला ओरखडा पडला तेव्हा मला रडू आलं होतं. आता तिच्यावर सात-आठ आहेत.

तुमच्या जागी मी असते तर हीच गाडी घेतली असती, पण पेट्रोल, लहान रिमवाली, आणि सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी असलेली. टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२१ असेल तर तो २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. चारही टायर वेगवेगळ्या कंपनीचे असतील तर मालकाने बाकी गोष्टीतही काटकसर केली असणार. ओळखीच्या मेकॅनिककडून स्कॅन करून घ्या, लिफ्टवर चढवून खालून बघा. गाडी इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा, आधी तापवून ठेवलेली नको.

आणि टेस्ट ड्राइव्हला आई-वडिलांना घेऊन जा. दोघांना मागे बसवा, वीस मिनिटं फिरवा, मग गाडी थांबवून दार उघडा आणि हात न देता त्यांना उतरू द्या.