दुखण्याच्या गोळीने पोट अडलंय, इसबगोल देऊ का?

प्रश्न: आम्ही लालबागला चाळीत राहतो. सासूबाईंचे गुडघे बदललेत, ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉलची एकत्र गोळी दिवसातून ३ वेळा चालू आहे. दुखणं आटोक्यात आहे पण चार-चार दिवस पोट साफ होत नाही. रात्री इसबगोल देते तर पोट आणखीनच फुगतं. मोरीत कमोडची खुर्ची ठेवलीय पण घरात माणसं असली की आईंना लाज वाटते, दाबून धरतात. आता म्हणतात गोळीच नको.

उत्तर: ताई, तुमचं काही चुकत नाहीये, मूळ कारण ती गोळीच आहे. ट्रामाडॉल अफूच्या जातकुळीतलं औषध (२०१८ पासून ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे), ते दुखणं दाबतं तसं आतड्यालाही सुस्त करतं, मग मळ पुढे सरकत नाही आणि जितका वेळ आत पडून राहतो तितकं त्यातलं पाणी शोषलं जाऊन खडा होतो. मळमळ, गुंगी काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठ मात्र गोळी चालू असेपर्यंत राहतं.

म्हणून इसबगोल थांबवा. त्याने मळ फुगतो, पण ढकलणारं आतडंच थंड आहे, त्यात पाणी कमी पडलं तर तो अडकून बसतो. इथे आतडं हलवणारं बिसाकोडिल किंवा सोनामुखी लागते, नाहीतर मळात पाणी ओढणारं लॅक्टुलोज. कुठलं, किती, ते डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. खरं तर ट्रामाडॉल लिहितानाच हे सोबत लिहायला हवं आणि ते राहून जातं याची मला फार चीड येते. फोनवर बाकीच्या गोळ्याही वाचून दाखवा, लोह, कॅल्शियम, उलटीची ऑन्डान्सेट्रॉन, या सगळ्यांनी पोट अडतं.

गोळी मनाने तोडू नका, दुखायला लागलं की चालणं थांबतं आणि गुडघा आखडतो, शिवाय रोजची गोळी एकदम बंद केली तर घाम, बेचैनी होते. डोस हळूहळू कमी करता येईल का ते विचारा. आणि तिच्याऐवजी केमिस्टकडून डायक्लोफिनॅक आणू नका, या वयात त्याने जठरात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो, किडनीवरही ताण येतो.

कमोडचं म्हणाल तर सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर आतडं आपोआप हलतं, तेवढा अर्धा तास घरातल्या पुरुषांना गॅलरीत पाठवा, पडदा ओढा, रेडिओ लावा, आणि आईंना घाई करू नका.

पोट टणक फुगलं, उलट्या झाल्या, वाराही सरेना, तर जुलाबाचं काहीही न देता त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या.