जागेच्या बदल्यात किती तास?

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त, अमेरिकेचे नागरिक, आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) घेऊन हिंडतो. अ‍ॅरिझोनातलं एक खासगी कॅम्पग्राउंड वीज-पाण्यासह जागा फुकट देतंय. बदल्यात आठवड्याला प्रत्येकी २४ तास काम. एरवी त्या जागेचं भाडं महिना ७०० डॉलर. हे रास्त आहे का?

उत्तर : नाही, ताई. चार आठवड्यांचे तुम्हा दोघांचे १९२ तास होतात, म्हणजे ताशी पावणेचार डॉलरही पडले नाहीत. अ‍ॅरिझोनाचं किमान वेतन २०२५ साली ताशी १४.७० डॉलर होतं. त्या दराने भाडं ४८ तासांतच फिटतं, म्हणजे दोघांनी मिळून आठवड्याला बारा तास. त्यापुढच्या प्रत्येक तासाचे पैसे मागा.

अशा कामाच्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात हे गणित मी मांडलंच नव्हतं. बाथरूम धुणं, शेकोट्यांची राख उपसणं ठरलेलं होतं. पण रात्री अकराला दार ठोठावणाऱ्या पाहुण्यांना जागा दाखवायची, ते तास कुणी धरलेच नाहीत. ते आजही मनाला लागतं. म्हणून तास रोज वहीत लिहा, आणि वीजबिल कुणाचं, सुट्टी कोणती, हे आधी कागदावर घ्या.

राष्ट्रीय उद्यानांत स्वयंसेवक होऊन राहता येतं, ते वेगळं. नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी धंद्याला ‘स्वयंसेवक’ म्हणून कुणाला राबवता येत नाही.

आणि भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेल्या नातेवाइकांना या कामात हात लावू देऊ नका. पगाराऐवजी जागा मिळाली तरी ती नोकरीच धरली जाऊ शकते.